नोकरी सप्टेंबरमध्ये गेली, बाळ जानेवारीत येणार : वारज्यातल्या एका घराचा हिशेब

सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात हिंजवडीतल्या एका मध्यम आकाराच्या आयटी कंपनीने त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, प्रोजेक्ट बंद होतोय, ३० सप्टेंबर हा शेवटचा दिवस. तो ३४ वर्षांचा, कंपनीत सहा वर्षं पूर्ण झालेली. बायको तीस वर्षांची, शिवाजीनगरला एका खासगी कंपनीत अकाउंट्स सांभाळते. तिला बाविसावा आठवडा चालू होता, डॉक्टरांनी दिलेली तारीख १६ जानेवारी. वारज्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यावर कर्ज. त्याचे आईवडील बार्शीजवळच्या गावी, तिचं माहेर साताऱ्याचं.

मी घरखर्चाची आणि कर्जांची आखणी करून देण्याचं काम करते. इथे मांडलेलं घर मात्र कुणा एकाचं नाही. अशा घरांत जे आकडे आणि जे पेच पुन्हा पुन्हा समोर येतात, ते जुळवून हे प्रकरण उभं केलं आहे, म्हणून कुणाचं नाव नाही. कायद्यातल्या आणि करातल्या तरतुदी खऱ्या आहेत.

घराची स्थिती

त्याचा पगार एक लाख पंधरा हजार. पीएफ, व्यवसाय कर आणि टीडीएस (पगारातूनच आगाऊ कापला जाणारा प्राप्तिकर) कापून हातात एक लाख दोन हजार सातशे यायचे. तिच्या हातात पन्नास हजार. दोघांचे मिळून दीड लाखाच्या थोडे वर.

खर्च १,४४,६०० रुपये. घराचा हप्ता ३९,०००, गाडीचा ११,४०० (आणखी चौदा महिने), एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) २०,०००, वाणसामान-दूध-भाजी-गॅस १९,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ४,२००, वीज-मोबाईल-इंटरनेट ४,५००, पेट्रोल ९,०००, गावी आईवडिलांना १०,०००, धुणंभांडी आणि पोळ्यांच्या मावशींचे मिळून ४,५००, तिच्या तपासण्या आणि औषधं ५,०००, बाहेरचं खाणं आणि ऑनलाइन खरेदी १४,०००, टर्म प्लॅन आणि गाडीचा विमा महिन्यावर वाटला तर ४,०००. महिन्याला आठ हजार उरायचे. उधळ्या माणसांचं घर हे नव्हे. पुण्यात दोघं कमावतात आणि फ्लॅट घेतलेला असतो, अशी बहुतेक घरं याच रेषेवर चालतात.

जवळ होतं ते असं : बचत खात्यात १ लाख १० हजार, एफडी अडीच लाखांची, म्युच्युअल फंडात ६ लाख ४० हजार, त्याच्या पीएफमध्ये ५ लाख ८० हजार.

समोर बसल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "ताई, दोन महिने निघतील, पुढे काय ते कळत नाही." ती काहीच बोलली नाही. तिने पर्समधून एक कागद काढला. त्यावर बाळासाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी होती आणि अर्ध्याअधिक ओळींवर काट मारलेली होती.

तारखांचा तक्ता

नोकरी गेली की घरात पहिल्यांदा खर्च कापायची बोलणी होतात. मी ती थांबवली. आधी एका कागदावर ऑक्टोबर ते जुलै असे दहा रकाने आखले आणि कोणत्या महिन्यात कुठून किती येणार, कशासाठी किती जाणार हे तारखेनिशी लिहिलं. महिन्याची बेरीज-वजाबाकी अशा वेळी फसवते, कारण पैसा आणि खर्च दोन्ही सरळ रेषेत येत नाहीत. बाळंतपणाचं बिल एका दिवशी येतं. कंपनीकडून निघणारे पैसे महिना-दीड महिना उशिरा येतात. प्राप्तिकराचा परतावा तर पुढच्या वर्षी.

त्याच्या फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सुटताना कंपनी करते त्या शेवटच्या हिशेबात, काय येणार हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. नोटिशीऐवजी दोन महिन्यांचा पगार, २ लाख ३० हजार. ग्रॅच्युइटी : शेवटचा मूळ पगार ४६,०००, त्याचे २६ भाग करून १५ घ्यायचे आणि सहा वर्षांनी गुणायचं, म्हणजे १ लाख ५९ हजार. शिल्लक २२ दिवसांच्या रजेचे ३३ हजार ७००. एकूण जवळपास ४ लाख २३ हजार. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि नोकरी सोडताना मिळणारा रजेचा पैसा २५ लाखांपर्यंत करमुक्त असतो, त्यामुळे यातला फक्त नोटिशीचा पगार करपात्र.

कराची गंमत पुढेच होती. कंपनी टीडीएस कापते तो वर्षभराचा पगार गृहीत धरून. एप्रिल ते सप्टेंबर दरमहा साधारण ६,५६५ रुपये गेले होते, एकूण ३९ हजारांच्या वर. पण आता त्याचं वर्षाचं पगाराचं उत्पन्न ९ लाख २० हजारांवर थांबणार होतं. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. म्हणजे कापलेला सगळा पैसा विवरणपत्र भरल्यावर परत मिळणार. तो आम्ही तक्त्यात धरला नाही, कारण २०२६ च्या उन्हाळ्याआधी तो हातात येणार नव्हता. पण तो आपला आहे हे माहीत असणं वेगळं.

एक कागद मी आग्रहाने मागायला लावला. एचआरने त्याला "राजीनामा टाका, रेकॉर्ड स्वच्छ राहील" असं सुचवलं होतं. नोटिशीचा पगार मिळणार असल्याचं लेखी आल्याशिवाय राजीनाम्यावर सही करू नये, हे त्याला सांगितलं. पाच वर्षांच्या आत पीएफ काढावा लागणाऱ्यांना तर कंपनीने कामावरून कमी केल्याचं पत्र करासाठीही उपयोगी पडतं. याची सहा वर्षं झालेली असल्याने तो प्रश्न नव्हता.

खर्चाकडे मग आलो. एसआयपी पूर्ण थांबवली. फंड विकले नाहीत, फक्त भर घालणं थांबवलं. हिंजवडीची रोजची ये-जा संपल्याने पेट्रोल चार हजारांवर आलं. बाहेरचं खाणं आणि खरेदी चौदावरून चार हजारांवर. वाणसामानातून हजारच काढले. पोटातल्या बाळासाठी दूध, फळं, डाळी कमी करायच्या नव्हत्या. विजेचे आणि मोबाईलचे पाचशे वाचले.

पोळ्यांच्या मावशींना बंद करायचा विचार त्याने मांडला, मी घरी आहेच म्हणून. मला तो पटला नाही. ज्याला रोज चार-पाच तास नोकरी शोधायची आहे आणि बायकोला तपासणीला न्यायचं आहे, त्याने अडीच हजारांसाठी सकाळ पोळपाटापाशी घालवू नये. आणि मावशींचंही घर त्या पैशांवर चालतं.

घराच्या हप्त्यात एक दार उघडं होतं, ते त्यांना दिसलं नव्हतं. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. त्यांच्या कर्जाचा दर साडेआठवरून साडेसातवर आला होता, पण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली होती. बहुतेक बँका असंच करतात. ४२ लाखांचं कर्ज, मूळ मुदतीतली १७ वर्षं शिल्लक. बँकेत अर्ज दिला की मुदत पूर्वीइतकी करा आणि हप्ता घटवा. हप्ता ३६,५०० झाला. मुदत लांबली की एकूण व्याज वाढतं, हे खरं. पण बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरायला दंड नसतो. दिवस पालटले की जादा भरता येतं. हप्ता थकवायचा नाही, एवढं मात्र पक्कं ठरलं. ९० दिवस थकलं की खातं बुडीत वर्गात जातं आणि पुढची अनेक वर्षं ती नोंद पाठ सोडत नाही.

गावी जाणारे दहा हजार पाचावर आले. त्याबद्दल पुढे.

नवा खर्च १ लाख ६०० रुपये. तिचे पन्नास हजार वजा केले तर महिन्याची तूट ५०,६००. बाळ आल्यावर डायपर, डॉक्टर, मालिशवाल्या बाई धरून आणखी आठ हजार.

बचत खातं, एफडी आणि फुल अँड फायनल मिळून ७ लाख ८३ हजार. त्यातून बाळंतपणासाठी दीड लाख, डोहाळजेवण, बाळाच्या वस्तू आणि बारसं यासाठी ६० हजार, नव्या आरोग्य विम्यासाठी २२ हजार बाजूला काढले. उरलेले साडेपाच लाख जुलैअखेरपर्यंत पुरत होते. म्हणजे दहा महिने. पीएफला आणि फंडांना हात न लावता.

"दोन महिने" म्हणत आलेला माणूस हा आकडा बघून बराच वेळ गप्प होता. मग बायकोकडे वळून म्हणाला, "तुझी यादी काढ परत."

हातातली रोकड कुठे जाऊ द्यायची नाही

या प्रकरणात मला सर्वात जास्त बोलावं लागलं ते इथे. फुल अँड फायनलचे चार लाख खात्यात येणार म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. त्याच्या मामांचं म्हणणं, गृहकर्जात भरून टाक, डोक्यावरचं ओझं उतरेल. एका मित्राचं म्हणणं, गाडीचं कर्ज मिटव.

दोन्ही सल्ले चांगल्या मनाने दिलेले आणि चांगल्या काळात शहाणपणाचेही आहेत. पण हिशेब करून पाहा. गृहकर्जात चार लाख भरले तर ४२ चे ३८ होतात, व्याज वाचतं, पण पुढच्या महिन्याचा हप्ता तसाच उभा राहतो. गेलेली रोकड बँक परत देत नाही; नोकरी नसताना टॉप-अप (चालू कर्जावर वाढीव कर्ज) मागायला गेलात तर पगाराची स्लिप मागेल. चार लाख म्हणजे या घराची जवळपास आठ महिन्यांची तूट. गाडीचं कर्ज मिटवायला दीड लाख लागणार होते आणि त्याने महिन्याला ११,४०० वाचले असते. ते दीड लाख भरून यायला तेरा महिने. आपल्याला दहा महिन्यांची चिंता आहे, तेराची नाही.

म्हणून एकही कर्ज मुदतीआधी फेडलं नाही. क्रेडिट कार्डाचं बिल तेवढं दर महिन्याला पूर्ण भरायचं ठरवलं, कारण तिथे शिल्लक ठेवली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या घरात जातं. एफडी मोडली नाही. फुल अँड फायनल वेगळ्या बचत खात्यात ठेवून तिथून दर महिन्याच्या एक तारखेला तुटीएवढीच रक्कम घरखर्चाच्या खात्यात वळवायची. पगार आल्यासारखी. याचा मनावर फार चांगला परिणाम होतो हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

पीएफ ही दुसरी फळी. नोकरी गेल्यावर त्यातली ७५ टक्के रक्कम काढता येते, याच्या बाबतीत ४ लाख ३५ हजार. ती मे महिन्याआधी काढायची नाही असं लिहून ठेवलं. सोनं तिसरी फळी. तिने पाटल्या विकायची तयारी दाखवली होती. विकायच्या नाहीत, अगदी वेळ आली तर बँकेत तारण ठेवून कर्ज घ्यायचं, हे तिच्या सासूबाईंनीच सांगितलं.

विमा

आजवर सगळे जण त्याच्या कंपनीच्या विम्यावर होते. बाळंतपणाला त्यात ७५ हजारांची मर्यादा होती. ती पॉलिसी त्याच्या शेवटच्या दिवशी संपली. नवी वैयक्तिक पॉलिसी घेऊन हे बाळंतपण त्यात बसवता येत नाही, कारण प्रसूतीसाठी अशा पॉलिसींत निदान नऊ महिने आणि पुष्कळदा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं.

तिच्या ऑफिसचाही गट विमा होता, तीन लाखांचा, कधी वापरलाच नव्हता. त्याचं पत्रक मागवून वाचलं : प्रसूतीला ५० हजार, नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण, नाव मात्र ठरलेल्या मुदतीत कळवायचं. त्यामुळे ज्या रुग्णालयात नाव घातलं होतं ते या विम्याच्या यादीत आहे का, हे बघणं आलं. नव्हतं. सहाव्या महिन्यात डॉक्टर बदलणं तिला जड गेलं, पण कर्वे रस्त्यालगतचं यादीतलं एक रुग्णालय त्यांनी बघून ठरवलं. नॉर्मलसाठी ८० हजार आणि सिझेरियनसाठी एक लाख चाळीस हजार असा अंदाज लेखी घेतला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा प्रश्न होताच. साताऱ्यात खर्च निम्म्यावर आला असता. तिथलं रुग्णालय मात्र यादीत नव्हतं, आणि नवरा घरी असताना त्याने लांब राहावं हे तिला नको होतं. तिची आईच सव्वा महिन्यासाठी वारज्याला येईल असं ठरलं.

गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाल त्यात धरला जातो. ही सोय मुदतीत मागावी लागते. त्याने शेवटच्या दिवसाआधीच अर्ज केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झाला.

रेशनकार्डावर पत्ता जुना होता, तोही बदलून घेतला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. बाळंतपणासाठी तिच्यावर विसंबायचं नाही, पण बाळाला काही गंभीर झालं आणि तो उपचार यादीत असला तर हे कार्ड हाताशी असावं.

तिची रजा

ती म्हणाली, "मी तीन महिन्यांतच रुजू होते. घरात पैसे यायला हवेत."

पैसे तर येतच राहणार होते. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, मुख्य अट ही की आधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं असावं. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. तीन महिन्यांत परतली असती तर पगार पन्नास हजारच राहिला असता, वर पाळणाघराचे दहा-बारा हजार सुरू झाले असते. लवकर परतण्यात घराचा तोटाच होता. हे कागदावर लिहून दाखवल्यावर ती रडली. ती नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा रडली नव्हती.

तिला सावरावं लागलं ते दुसऱ्या भीतीतून. आता तिच्याच पगारावर घर, आणि आपणही रजेवर गेलो तर आपली जागा राहील का? प्रसूती रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. तिने रजेचा अर्ज, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि ऑफिसचं उत्तर ईमेलवर घेतलं. नवऱ्याचं काही ऑफिसात सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

प्रसूतीआधी आठ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते, पण आधी घेतलेले आठवडे नंतरच्यातून कमी होतात. डॉक्टरांची हरकत नसल्याने तिने २६ डिसेंबरपासून रजा घेतली. ती जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पुरते. रजा सुरू होईपर्यंत आठवड्यातले काही दिवस घरून काम करायची मुभा मिळाली.

पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळतील का, असं तिने विचारलं होतं. कायद्याने पगारी प्रसूती रजा मिळते त्यांना ती योजना नाही. ज्यांचा स्वतःचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे त्यांनी मात्र ईएसआयसीकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, आधी बघावं. तिथे २६ आठवड्यांचं वेतन महामंडळ देतं आणि दवाखानाही त्यांचाच.

गावाकडे सांगणं

बार्शीला त्याने महिनाभर काही सांगितलं नव्हतं. दहा हजार वेळेवर पाठवत होता. वडिलांना रक्तदाब, काळजी करतील. मी त्याला एकच विचारलं : हे पैसे दहा महिने न सांगता पाठवलेत तर एक लाख होतात, तुमच्या वडिलांना हे कळलं तर त्यांना कशाचं जास्त वाईट वाटेल?

कोजागिरीला तो गावी जाऊन आला. वडील म्हणाले, एक पैसा पाठवू नकोस. आईच्या औषधांचे पाच हजार तरी पाठवणारच, यावर तो अडला आणि तसंच ठरलं. दिवाळीनंतर गावाकडून ज्वारी, तूर आणि तुपाचा डबा आला.

डोहाळजेवणासाठी सासरकडच्यांनी हॉल बघितला होता, ३५ हजारांचा. ते सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये झालं. फुलांची वाडी तिच्या मैत्रिणींनी भरली. कमी झालं म्हणून कुणाला चुकल्यासारखं वाटलं असेल तर त्या दोघांना तरी नाही.

पुढे काय झालं

डिसेंबरच्या मध्यावर त्याला चेन्नईची नोकरी मिळत होती. पगार आधीइतकाच, रुजू व्हायचं ५ जानेवारीला. दोन महिन्यांची रोकड असती तर ती घ्यावीच लागली असती. तक्त्यात जुलैपर्यंतचे रकाने भरलेले होते, म्हणून त्याने नाही म्हटलं. हा नकार मला या सगळ्या आखणीतला सर्वात मोलाचा वाटतो.

बाळ १२ जानेवारीला झालं, सिझेरियनने. मुलगी. बिल १ लाख ३८ हजार, विम्याने ५० हजार दिले. कावीळ वाढल्याने तिला दोन दिवस निळ्या प्रकाशाखाली ठेवावं लागलं. ते १४ हजार बाळाच्या संरक्षणातून मिळाले, कारण नाव कळवायचं काम त्याने दुसऱ्याच दिवशी केलं होतं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते, तीही झाली. लसी महापालिकेच्या दवाखान्यात. राष्ट्रीय लसीकरणातल्या सगळ्या तिथे मोफत मिळतात आणि खासगीत त्याच लसींना हजारो रुपये पडतात.

मार्चमध्ये तो खराडीच्या एका कंपनीत रुजू झाला, पगार ९२ हजार. आधीपेक्षा कमी, वारज्याहून खराडी म्हणजे शहराचं दुसरं टोक, पण आठवड्यातून तीनच दिवस जायचं आहे. नव्या कंपनीला फॉर्म १२बी भरून आधीचा पगार आणि कापलेला टीडीएस कळवला. वर्षाचं उत्पन्न तरीही १२ लाखांच्या आतच राहिलं, त्यामुळे ३९ हजारांचा परतावा शाबूत आहे. मार्चअखेर ७ लाख ८३ हजारांतले साधारण तीन लाख शिल्लक होते. पीएफ नव्या खात्यात वळवायला दिला. एसआयपी अजून सुरू केलेली नाही. आधी रोकड पाच लाखांवर न्यायची, मग ती.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. जूनअखेर तिची रजा संपते. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यायला हवी, तिच्या ऑफिसात माणसं त्याहून कमी आहेत. कर्वेनगरमधल्या एका पाळणाघरात अकरा हजार सांगितले आहेत. त्याची आई यायला तयार आहे, पण पेरणीच्या दिवसांत वडिलांना एकटं ठेवून येणार कशी? मे महिन्यात दोघं पुन्हा बसणार आहेत, तेव्हा दोन्हींचा खर्च तक्त्यात मांडून बघायचा आहे.